मरळीसाठी गळ : कोणता आणि केव्हा?

पावसाळ्याच्या आरंभी गावतळ्याच्या उथळ काठाशी पाण्यावर तांबूस-नारिंगी ठिपका हलताना दिसतो. तो मरळीच्या पिलांचा थवा होय. पिले हवा घेण्यासाठी वारंवार वर येतात व त्यांच्या खालीच आईबाप राखण करीत असतात. गळकऱ्यांना ही खूण चांगली ठाऊक असते. थव्याच्या मधोमध आमिष पडले की राखणदार मासा भुकेने नव्हे, तर पिलांच्या रक्षणासाठी त्यावर झेप घेतो आणि अडकतो. यास कौशल्य म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक ही बियाण्याची कणगी फोडून खाण्याची रीत आहे. राखण गेली की इतर मासे व बगळे थव्याचा फडशा पाडतात.

गळ हे साधन मात्र वाईट नव्हे. पाणवनस्पतींत जाळे ओढता येत नाही आणि मरळ नेमकी तेथेच दबा धरते. ज्या शेततळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडावयाची असेल, तेथून मरळ उन्हाळ्यातच काढून टाकणे इष्ट. ती बोटुकली खाते. जेथे मरळ हेच उत्पन्न आहे, तेथे हिशेब निराळा.

गवतात न अडकणारी गळाची जुळणी हा प्रश्न अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या बास माशाच्या शिकाऱ्यांनी बारकाईने सोडविला आहे. ओहायोतील ॲक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ साली मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ तयार केला. पुढे रूढ झालेल्या ‘टेक्सास’ जुळणीत दोरीवर निमुळती शिशाची गोळी सरकती ठेवतात आणि गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच लपवितात. त्यामुळे गवत अडकत नाही. मासा चावला की टोक बाहेर येते. बासचा नरही पिले राखतो, म्हणून तेथील काही राज्यांत विणीच्या काळात बास पकडून नेण्यास मनाई असते.

मरळीसाठी पोकळ रबरी बेडूक याच तत्त्वावर चालतो. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून असतात. माशाने दाबताच अंग चेपते व टोके उघडी पडतात. बेडूक गवतावरून थोडा ओढावा, थांबवावा, पुन्हा ओढावा. मासा झेपावल्यावर लगेच हिसका न देता क्षणभर थांबावे. दोरी जाड हवी. गळाचा उलटा काटा कानशीने घासून टाकल्यास लहान मासा फारशी इजा न होता सोडता येतो. जिवंत बेडूक गळास लावण्याची जुनी चाल सोडलीच पाहिजे. भाताच्या खाचरातील किडी खाणारा हा गडी फुकटचा मजूर आहे. शिवाय मोठ्या बेडकास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

जून ते ऑगस्ट मरळीस गळ बंद, अशी अट तळ्याच्या ठेक्यात घालण्याचा ग्रामसभेत व मच्छीमार संस्थेत आग्रह धरणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम आहे. नुसत्या पाटीने ते होणार नाही. ज्यांचे हात तरीही शिवशिवतात, त्यांनी ठेकेदार संस्थेच्या परवानगीने पेंड व कणकेचा गोळा लावून तळाशी गळ सोडावा. त्यास मरळ सहसा तोंड लावत नाही. रोहू व मृगळ लागतात आणि ते साचलेल्या तळ्यात विणीत नाहीत.