मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

लहान गावच्या नगरपालिकेचे कामकाज ज्याने एकदा तरी जवळून पाहिले आहे, त्याला सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय कोणता असतो, हे सांगावे लागत नाही. नगराध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, कचेरी जुन्या कौलारू इमारतीतून नव्या सिमेंटच्या इमारतीत गेली, तरी ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय क्रमांक एक आपल्या जागेवरून हललेला नाही. आणि साऱ्या पत्रिकेत सर्वांत कमी वेळ ज्याच्या वाट्याला येतो, तो विषयही हाच. सभेचा कारकून उभा राहून पहिली ओळ वाचू लागतो, तोच ‘वाचले असे समजावे’ असा आवाज येतो, एक सदस्य सूचक होतो, दुसरा अनुमोदक होतो, आणि दोन महिन्यांपूर्वी गावाच्या नावाने जे काही बोलले गेले, ठरले आणि खर्ची पडले, ते सारे अर्ध्या मिनिटात कायम होऊन जाते. या अर्ध्या मिनिटात आपण काय गमावतो, त्याकडे नुकत्याच निवडून आलेल्या सभासदांचे आणि त्यांना निवडून देणाऱ्या नागरिकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

नगरपालिकेचे नित्याचे काम दिसायला अगदी साधे असते. दिवाबत्तीच्या सामानाची खरेदी, आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका, नालेसफाईचे दरपत्रक, पाणीपट्टीची थकबाकी, कोंडवाड्याची दुरुस्ती, सफाई कामगाराच्या वारसाची नेमणूक, एखाद्या चौकाचे नामकरण, असे वीस-पंचवीस विषय एका बैठकीत निकालात निघतात आणि त्यांतील एकाचीही बातमी मुंबईच्या वृत्तपत्रात येत नाही. तरीही ज्या पाण्याने आपण सकाळी तोंड धुतो आणि ज्या दिव्याखालून रात्री घरी परततो, त्या दोहोंचा निर्णय मंत्रालयात होण्याआधी याच टेबलाभोवती झालेला असतो. पूर्वी पश्चिम महाराष्ट्रात १९०१ आणि १९२५ चे मुंबई इलाख्याचे कायदे, विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९२२ चा आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५६ चा, असे निरनिराळे कायदे चालत. त्या सर्वांच्या जागी १९६५ चा एकच अधिनियम आला. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून या संस्थांना राज्यघटनेतच स्थान मिळाले आणि बाराव्या अनुसूचीत अठरा विषय त्यांच्यासाठी मांडले गेले. अधिकार पुरे आहेत की अपुरे, हा वाद जुना आहे आणि तो चालू राहावा. परंतु जे अधिकार हाती आहेत त्यांचा वापर कसा झाला, याचा पुरावा एकाच ठिकाणी राहतो, आणि ते ठिकाण म्हणजे इतिवृत्ताची वही.

ही वही मी हाताळली आहे. लाल कापडी पाठीचे, जाड पुठ्ठ्याचे ते रजिस्टर, प्रत्येक पानावर अनुक्रमांक, डाव्या बाजूस विषय, उजवीकडे ठराव, खाली सूचक-अनुमोदकांची नावे आणि शेवटी सह्या. आमच्या कचेरीतील जुन्या वह्यांत अक्षर वळणदार आणि मजकूर भरघोस आहे. कोणी काय आक्षेप घेतला, त्याला उत्तर काय मिळाले, मतदान झाले तर कोण कोणत्या बाजूला होते, हे सर्व त्यांत सापडते. अलीकडच्या वह्यांत अक्षर संगणकाचे झाले, पाने स्वच्छ झाली, आणि मजकूर मात्र एकाच वाक्यात येऊन बसला: ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे.’ साधक काय होते, बाधक काय होते आणि ती चर्चा कोणी केली, याचा त्या वाक्यात मागमूस नाही. पाण्याच्या टाकीलाही तेच वाक्य, कार्यालयाच्या पडद्यांनाही तेच.

काही वर्षांपूर्वीच्या एका सभेत मी मागच्या बाकावर बसलो होतो. नेहमीप्रमाणे ‘वाचले असे समजावे’ असा पुकारा झाला, तेव्हा प्रथमच निवडून आलेल्या एक सदस्या उभ्या राहिल्या. आवाज थोडा कापत होता. त्या म्हणाल्या, “अध्यक्षसाहेब, मागच्या सभेत मी आमच्या आळीतल्या नळाला गटाराचं पाणी येतं म्हणून बोलले होते. ते यात लिहिलंय का, तेवढं वाचून दाखवा.” नगराध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, “ताई, काम आपण करूनच टाकू, वाचायची काय गरज?” त्यावर त्या खाली बसल्या नाहीत. “काम कराल तेव्हा कराल, साहेब, पण मी बोलले ते लिहिलेलं पाहिजे,” एवढेच त्या पुन्हा म्हणाल्या. कारकुनाने पाने उलटली, पुन्हा उलटली. त्यांच्या तक्रारीचा एक शब्दही वहीत नव्हता. जलवाहिनीच्या दुरुस्तीचा जो विषय त्या दिवशी झाला होता, त्याखाली सर्वानुमते मंजुरीचे तेच ठरीव वाक्य होते. अखेर बरीच कुजबुज होऊन दुरुस्ती नोंदवली गेली, या साऱ्याला अर्धा तास लागला, आणि बाकीचे सदस्य घड्याळाकडे पाहत राहिले. मला मात्र त्या सभागृहात इतक्या वर्षांत झालेले सर्वांत मोलाचे काम त्या अर्ध्या तासात झाले असे वाटले. कारण त्या दिवसापासून त्या आळीचे पाणी ही कानोकानी चालणारी तक्रार राहिली नाही, ती पालिकेच्या दप्तरी रुजू झाली, आणि तिच्यावर काय केले, हे विचारण्याचा हक्क गावाला मिळाला.

विरोध, आक्षेप, दुरुस्ती या गोष्टी वहीत नोंदल्या जाव्यात, यासाठी इतिहासातील थोर नावांचा आधार शोधण्याची गरज नाही. पण तो आहे आणि आपल्याच मातीतला आहे. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणेभेटीच्या स्वागतासाठी पालिकेच्या पैशातून खर्च करण्याचा प्रस्ताव १८८० मध्ये आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावावा असे सांगून सभासदांत एकट्या जोतीरावांनी त्याला विरोध केला. प्रस्ताव मंजूर व्हायचा तो झालाच. आज स्वागताचा तो थाट कोणाच्या लक्षात नाही, विरोधाचे ते एक मत आहे. जी सभा प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते’ लिहिते, तिच्यात असे मत दिले गेले तरी ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचणार कसे?

आणि ठराव मंजूर होणे व त्याचा अंमल होणे यांत केवढे अंतर असू शकते, हे महाडने दाखवून दिले आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे पुरोगामी विचारांचे गृहस्थ त्या गावच्या सार्वजनिक जीवनात होते, ठराव रीतसर होता, शब्द स्वच्छ होते. परंतु तीन वर्षे तो ठराव वहीतच राहिला आणि ज्यांच्यासाठी तो केला होता, त्यांच्या ओंजळीत तळ्याचे पाणी काही आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा नगरपालिकेच्या त्या एका ओळीला प्रथम अर्थ प्राप्त झाला. पुढची नोंद अधिक बोचणारी आहे: त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव रद्द केला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि तळ्यावर सर्वांचा हक्क आहे, यावर मुंबई उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

एका लहान गावच्या सभेतील नित्याचा ठराव आणि त्याचे रद्द होणे, ही दोन्ही कृत्ये इतिवृत्तात नोंदली गेली होती म्हणूनच आज आपण ती तारखेनिशी सांगू शकतो. १९२४ नंतरच्या प्रत्येक सभेत ‘तळ्याच्या ठरावाची अंमलबजावणी कोठवर आली’ असे विचारणारा कोणी भेटला असता तर इतिहास बदलला असता, असा दावा मी करणार नाही. त्या गावातील जातीचा पीळ एका प्रश्नाने सुटणारा नव्हता. पण इतिवृत्ताच्या वाचनाबरोबर मागील ठरावांवर काय कार्यवाही झाली, याचा अहवालही वाचला गेला पाहिजे, ही माझी मागणी मी महाडकडे पाहूनच करतो आहे.

याउलट, पत्रिकेच्या शेवटी येणाऱ्या विषयावर फार शब्द खर्च करण्याची आवश्यकता नाही, इतका तो सर्वांच्या ओळखीचा आहे: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ एखादी आपत्ती कोसळली, साथ आली, पूल खचला, तर तातडीने निर्णय घ्यावाच लागतो आणि त्यासाठी ही वाट खुली असली पाहिजे. मात्र जो खर्च सहा महिन्यांपासून ठाऊक होता तो आयत्या वेळी आणणे, किंवा आधी काम करून मग त्यास कार्योत्तर मंजुरी घेणे, ही रीत सभेला केवळ शिक्का मारणारे यंत्र बनवते. ज्या विषयाची टिपणी सदस्यांच्या हाती आली नाही, त्यावर मत देण्यास सदस्यांनी स्वच्छ नकार द्यावा.

हे सर्व आजच लिहिण्याचे कारण आहे. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झाली पाहिजे असे राज्यघटना सांगत असताना, प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांच्या वादात महाराष्ट्रातील बहुसंख्य नगरपालिका २०२२ च्या सुमारापासून प्रशासकांच्या हाती राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला, तेव्हा कोठे डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले आणि थेट जनतेतून निवडलेले नगराध्यक्ष खुर्चीवर आले. मधल्या काळात अनेक ठिकाणी मुख्याधिकारी हेच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव ठेवणारा तोच, मंजुरी देणारा तोच आणि अंमल करणारा तोच. त्यांतील कित्येक अधिकारी सचोटीचे आणि कष्टाळू होते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. काही कामे त्यांच्या हातून झपाट्याने झाली, हेही खरे. पण ठरावाच्या वहीत दुसरा आवाज उमटण्याची सोयच त्या काळात नव्हती, आणि एका सहीच्या कारभाराची सवय कचेरीला लवकर लागते, सुटायला मात्र वेळ लागतो. नव्या सभासदांनी ती सवय मोडायची असेल तर सुरुवात विषय क्रमांक एकपासून करावी.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो की, पन्नास पाने वाचत बसले तर कामे कधी करायची? आक्षेप अगदीच पोकळ नाही. क वर्ग नगरपालिकेत, जिची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत असते, सभेचे इतिवृत्त लिहिणारा कारकून बहुधा आणखी दोन विभाग सांभाळत असतो. त्याच्या टेबलासमोर जन्माच्या दाखल्यासाठी माणसे उभी असतात आणि वहीचे काम तो कचेरी सुटल्यावर करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मदतनीस दिला पाहिजे. आणि इतिवृत्त जर सभेच्या नोटिशीसोबत प्रत्येक सदस्याला आधीच मिळाले, तर सभेत ते ओळीओळीने वाचण्याचे कारणच उरणार नाही, दुरुस्त्या तेवढ्या मांडता येतील.

नागरिकांचे कामही सोपे आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ (१) (ख) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या मंडळांच्या व समित्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत काय, आणि त्यांची कार्यवृत्ते लोकांना पाहावयास मिळतात काय, हे आपण होऊन जाहीर करावयाचे असते. आपल्या पालिकेने ते जाहीर केले आहे काय, हे प्रथम पाहावे. नसल्यास साध्या कागदावर अर्ज लिहून, त्याची पोच घेऊन विचारावे. मिळालेली प्रत वाचनालयात ठेवावी, शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांना दाखवावी, आपल्या प्रभागाचा विषय कोठे आला आहे, ते घरात बसून वाचावे. आणि पुढील सर्वसाधारण सभेची नोटीस कचेरीच्या फलकावर लागेल त्या दिवशी तारीख टिपून घेऊन, निदान दोघा-चौघांनी मागच्या बाकावर येऊन बसावे; ते बाक आमच्या गावी तरी बहुतेक वेळा रिकामेच असते.