यूट्यूबवर बघून काडतूस भरता येतं का? दारूचं गणित आणि भारतातला कायदा

देवळालीकडून येणारे तोफांचे आवाज नाशिककरांना नवे नाहीत. गोळा किती लांब टाकायचा, त्यासाठी मागे किती दारू लावायची, हे तिथे तक्ते बघून ठरतं. मनाने कुणी ठरवत नाही. तरीही ऑक्टोबर 2024 मध्ये नाशिकमध्ये सरावादरम्यान तोफगोळा फुटून दोन अग्निवीरांचा मृत्यू झाला. प्रशिक्षण, देखरेख, ठरलेली पद्धत, सगळं असताना.

आता यूट्यूब उघडा. अमेरिकेतला कुणीतरी गॅरेजमध्ये बसून पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत असतो. याला रिलोडिंग म्हणतात. तिकडे तो रीतसर छंद आहे आणि काडतुसांचा खर्चही वाचतो. मग आपल्याकडचा परवानाधारक किंवा नेमबाज हेच करू शकतो का?

परवाना बंदुकीचा, कारखान्याचा नाही

शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 नुसार काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. स्वतःजवळ पिस्तूल बाळगण्याचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. शिवाय कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या बरीच रुंद आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही तीत येतात. म्हणजे ऑनलाइन दिसणारं ते छोटंसं प्रेस मशीन 'नुसतं हत्यार-पाना' ठरत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान 7 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. छंदाची ही किंमत फार मोठी झाली.

आपल्याकडे हे काम कारखान्यांचं आहे आणि त्यातले मोठे कारखाने महाराष्ट्रातच आहेत. पुण्याजवळ खडकी, जळगाव जिल्ह्यात वरणगाव. 2021 पासून हे दोन्ही पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडखाली आले. गुन्ह्यांच्या बातम्यांत काडतुसावर 'केएफ' लिहिलं होतं असं वाचतो ना, ते खडकीच्या कारखान्याचं चिन्ह.

'सुरक्षित माप' असा एकच आकडा नसतो

समजा कायदा आडवा आला नसता, तरी खरी अडचण पुढेच आहे. 9 एमएमच्या काडतुसात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी दारू असते. एवढ्याशा दारूतून 35,000 पीएसआयपर्यंत दाब तयार होऊ शकतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या साधारण हजारपट. दारू थोडी वाढवली की दाब त्याच प्रमाणात वाढत नाही, तो उसळतो. गोळी पुंगळीत जरा जास्त खोल बसली तरी आतली जागा कमी होते आणि दारू तितकीच असूनही दाब चढतो. दारू वेगाने जळणारी की हळू, गोळीचं वजन किती, प्रायमर कुठला, यातलं एक बदललं की जुनं माप बाद. म्हणून दारूच्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून तक्ते छापतात आणि खालच्या मापापासून सुरुवात करायला सांगतात. व्हिडिओखालच्या कमेंटमधला आकडा दुसऱ्याच्या दारूचा आणि दुसऱ्याच्या पिस्तुलाचा असतो.

पिस्तुलाची आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाहीच. काही दारू इतकी कमी जागा घेते की पुंगळीत चुकून दोनदा पडली तरी ती ओसंडत नाही. वरून गोळी बसली की कळायला मार्गच उरत नाही. अशी गोळी झाडली तर पिस्तूल हातातच फुटू शकतं.

पण ठासणीच्या बंदुकीत दारू घरीच भरतात ना?

हो. कोकणात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुका आहेत आणि कायद्यातही पीक संरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याचा उल्लेख आहे. तिथे नळीत दारू माणूस स्वतःच ओततो. पण ती काळी दारू. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू हा पूर्ण वेगळा पदार्थ आहे. काळ्या दारूच्या मापाने ती ठासणीत भरली तर नळी फाटू शकते. दोन्हींना आपण 'दारू'च म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो.

कारखान्याचं काडतूस वापरणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. बार नेहमीपेक्षा फुसका वाटला, धक्का कमी बसला, तर पुढची गोळी झाडू नका. दारू कमी पडून गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी आली तर नळी फुटते. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून थोडं थांबा, शस्त्र रिकामं करा आणि नळी मोकळी आहे की नाही ते परवानाधारक शस्त्र दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या.