नाव कोणाचे राखायचे?

बलिप्रतिपदेला ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे घरोघरी म्हटले जाते. दुबळ्याला भय वाटू नये असे राज्य हवे, ही त्यामागची मागणी आहे. आणि बायबलही सत्तेला हीच कसोटी लावते. मेंढरांची लोकर पांघरून त्यांनाच वाऱ्यावर सोडणाऱ्या मेंढपाळांना यहेज्केल संदेष्ट्याने खडसावले. येशूने शिष्यांचे पाय धुऊन पुढारीपणाचा अर्थच पालटला. एवढी शिकवण पदरी असताना चर्चच्या आश्रयाला आलेल्या मुलांवर वर्षानुवर्षे अत्याचार झाले, हे कसे? आमचे उत्तर असे की, अत्याचार करणारा एखादाच असतो. त्याला मोकळे रान मिळते ते संस्थेचे नाव राखायला धडपडणाऱ्या भल्या माणसांमुळे.

इंग्लंडमधले जॉन स्माइथ प्रकरण याचा ढळढळीत पुरावा आहे. स्माइथ नामांकित बॅरिस्टर होता आणि उच्चभ्रू शाळांतील मुलांसाठी भरणाऱ्या ख्रिस्ती शिबिरांचा पुढारी होता. विंचेस्टरच्या आपल्या घरामागे, बागेतल्या शेडमध्ये नेऊन तो मुलांना वेताने रक्त येईपर्यंत झोडपत असे. पापाचे क्षालन होते, असे त्यांना सांगत असे. 1982 मध्ये एका धर्मगुरूने चौकशी करून लेखी अहवाल दिला. मारहाण हा गुन्हा आहे हे त्यात स्पष्ट होते. तरी अहवाल मोजक्या हातांत राहिला आणि पोलिसांपर्यंत गेला नाही. हे उघड झाले तर देवाच्या कामाची हानी होईल, अशी त्या मंडळींची समजूत होती. स्माइथ 1984 मध्ये झिंबाब्वेला गेला आणि तिथेही त्याने शिबिरे सुरू केली. 1992 मध्ये अशाच एका शिबिरात 16 वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावात मृत सापडला. ही कर्मकथा 2017 मध्ये दूरचित्रवाणीने लोकांपुढे आणली, पण पुढच्याच वर्षी स्माइथ खटल्याविनाच मरण पावला. नोव्हेंबर 2024 मध्ये या प्रकरणाच्या चौकशीचा मेकिन अहवाल आला. बळी पडलेली मुले आणि तरुण शंभराहून अधिक निघाले, आणि चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख, आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पद सोडावे लागले. देवाच्या कामाची हानी टाळायला धरलेल्या मौनाने ती हानी कितीतरी पटींनी वाढवली.

यावर काही जण म्हणतील, हा दोष अमुक एका पंथाचा, किंवा ब्रह्मचर्याचा. त्याला आधारही दिसतो: अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनीच करवून घेतलेल्या 2004 च्या अभ्यासात 1950 ते 2002 या काळात 4,392 धर्मगुरूंवर आरोप आणि 10,667 तक्रारदार नोंदले गेले. पण स्माइथ ना कॅथलिक होता, ना ब्रह्मचारी, ना धर्मगुरू. अमेरिकेतल्याच, विवाहित पाळकांच्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांतही तक्रारी दडपल्याचे 2022 च्या अहवालाने दाखवले. जिथे अधिकाराला जाब विचारणारे कोणी नाही, तिथे हे घडते. दुसरा आक्षेप क्षमेचा. क्षमा हा ख्रिस्ती धर्माचा प्राण खरा, पण ती ज्याला जखम झाली त्याने द्यायची असते. संस्थेने त्याच्या वतीने परस्पर वाटायची नसते. क्षमेने वैर संपते, धोका संपत नाही. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधलेली बरी, असे क्षमाशील येशूच सांगतो. खोट्या आरोपांची भीतीही रास्त आहे. मात्र बाहेरच्या निःपक्ष तपासाखेरीज निर्दोष माणसाचा डाग तरी कसा धुतला जाणार?

सर्वांत अवघड आक्षेप आपल्या घरचा आहे. भारतात ख्रिस्ती समाज जेमतेम 2.3 टक्के, टपून बसलेल्यांच्या हाती कोलीत कशाला द्यायचे? भीती खोटी नाही. पण लहान समाजात बाप्तिस्म्यापासून अंत्यविधीपर्यंत आणि शाळेच्या प्रवेशापासून नोकरीपर्यंत अनेकदा एकाच संस्थेचा हात असतो. तिथल्या मुलीने तोंड उघडायचे कोणापाशी? समाज जितका लहान, तितकी तिला बाहेरच्या दाराची गरज जास्त. 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते दार उघडले आहे. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कोणालाही ती पोलिसांना द्यावीच लागते. गप्प बसणे हाच गुन्हा ठरतो. आरोपीची दुसऱ्या गावी बदली करणे म्हणजे दुसऱ्या गावची मुले त्याच्या स्वाधीन करणे, हे आता तरी आपण ओळखावे.

अधिकाराला प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा, ही समजूत तर पंडिता रमाबाईंनी कधीच खोडून काढली. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोनच वर्षांत, तिथल्याच चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी मुलग्यांना शिकवू नये अशी हरकत बिशपांनी घेतली. पुरोहितांचे एक जोखड उतरवले ते दुसरे मानेवर घ्यायला नव्हे, असे त्यांनी आपल्या मार्गदर्शक जोगीण सिस्टर जेराल्डीन यांना निक्षून कळवले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या निराधार मुलींना पोटाशी धरणारी बाई हीच.

बायबलमध्येही नाव राखण्याचे दोन मार्ग दिसतात. दावीद राजाने बथशेबेला राजवाड्यात आणवले आणि तिचा नवरा उरीया याला लढाईत मारवले. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाने दावीदाची कारकीर्द सांगताना हा प्रसंग गाळला. मत्तयाने मात्र येशूच्या वंशावळीत शलमोनाच्या आईची, म्हणजे बथशेबेची, ओळख उरीयाची बायको अशीच दिली. तारणाऱ्याच्या कुळातला डाग त्याने झाकला नाही, आणि मारल्या गेलेल्या माणसाचे नाव पुसू दिले नाही. नाताळ जवळ आला की आपण ती वंशावळ वाचतो. यंदा वाचताना उरीयापाशी क्षणभर थांबावे, आणि आपल्या आसपास कोणाचे नाव गाळले गेले आहे ते आठवावे. वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. लेकराबाळांना ती निर्भय जावो.