घडीचा कॅमेरा

गिरगावातल्या आमच्या चाळीत पोटमाळा आवरताना एक घडीचा कॅमेरा निघाला. मुलं म्हणाली, "भंगारात द्या." मी थांबवलं.

बटण दाबलं की झाकण उघडतं, काळ्या भात्यासह लेन्स पुढे येते. मिटला की कोटाच्या खिशात. आगफाचा इझोलेट याच जातीचा. लेन्स बदलता येत नाही, म्हणून वेगळी पिशवीही नको. कोडॅकने १९०१ साली काढलेला १२० नंबरचा रोल यात बसतो, तो आजही मिळतो. सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघतात.

घरी फोटोवाला बोलावणं परवडत नसे. खिशात असा कॅमेरा असलेला शेजारी मात्र लग्नाला, सभेला सहज पोचे.

खिशात मावण्याची किंमत भाता मोजतो. घडीच्या कोपऱ्यांना बारीक भोकं पडतात. अंधारात आतून बॅटरी लावा. ठिपके चमकले तर रोल घालू नका.

सोबत निगेटिव्हही होत्या. शेजारच्या आजींनी उजेडात धरून चेहरे ओळखले. कॅमेरा हवा तर विका, निगेटिव्ह टाकू नका. कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर नावं आणि साल लिहा. ओळखणारी माणसं आहेत तोवरच हे काम होईल.