कचऱ्यातील वीज आणि खेड्याच्या वाट्याचा वास

बेळगाव शहराचा कचरा अनेक वर्षे वेंगुर्ला रस्त्यावरील तुरमुरीला जातो आहे. शहर स्वच्छ होते. वास आणि माश्या खेड्याच्या वाट्याला येतात. "त्या ढिगातून वीज काढता येते, मग तक्रार कसली?" असे कोणी म्हटले, तर त्यात खरे किती ते शेतकरी बंधुभगिनींनी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

वीज होते, हे खरे. हवा न लागता ओला कचरा कुजला की गोबरगॅससारखाच वायू होतो. त्यात साधारण निम्मा मिथेन असतो. ढीग मातीने झाकून त्यात भोकांचे नळ उभे पुरतात, वायू ओढून त्यातील पाणी व गंधक काढतात आणि त्यावर इंजिन चालवून वीज करतात. कल्पना जुनीच आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या वायूवर दिवे लागले होते.

पण उघड्या ढिगातला बराच वायू नळात येण्याआधीच उडून जातो. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा मिथेन सुमारे २८ पट हवा तापवतो. शिवाय तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनारचा ढीग पेटला, तेव्हा धुराने लोक हैराण झाले.

जुन्या ढिगावर नळांचा उपाय जरूर करावा. मात्र वीज मिळते म्हणून नवा कचरा खेड्यावर टाकत राहावे, हे आम्हांस मान्य नाही. ओला कचरा आधीच वेगळा केला, तर बंद टाकीत वायू वाया जात नाही आणि उरलेली मळी शेताला खत होते. गोव्यात साळगावला २०१६ साली सुरू झालेल्या कारखान्यात अशाच वायूवर वीज करतात. कचरा घरीच वेगळा करणे केंद्राच्या नियमांनी त्याच वर्षी सक्तीचे केले.

शहराला हे सांगताना आपलेही पाहू या. फेस्ताच्या आणि लग्नाच्या जेवणावळीत उष्टे अन्न आणि प्लॅस्टिकचे पेले आपण एकाच पिशवीत भरतो. तीच काच, तेच प्लॅस्टिक उद्या खताबरोबर आपल्या वाफ्यात येते. येत्या पंगतीला दोन पिंपे ठेवा. ज्यांच्या दारी गोबरगॅस आहे, त्यांनी उष्टे शेणाबरोबर थोडे थोडे त्यात घालावे. एवढे केले, तर तुरमुरीकरांच्या बाजूने बोलण्याचा आपल्याला अधिकार राहील.