वाकलेल्या पाठीला आणखी वाकवू नका



पाठीचा बाक घालवायला सर्वांनी सूर्यनमस्कार घालावेत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला पटत नाही. सूर्यनमस्कारात पुढे वाकणेही येते. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांसाठी ऊस तोडणारे बायाबापडे कोयता घेऊन दिवसभर वाकलेलेच असतात. त्यांना उलट्या दिशेचे व्यायाम हवेत: पालथे झोपून छाती उचलणे, भिंतीला पाठ टेकून दोन्ही हात वर सरकवणे, खांद्यांची पाती मागे आवळून धरणे. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर बायकांचा तर पुढे वाकताना मणका दबून मोडू शकतो. शाळकरी मुलाचा बाक पालथे झोपवल्यावरही जात नसेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी त्याला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

— एक वाचक, इंदापूर