फलक नव्हे, आवतण

महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थी मंडळाचा कार्यक्रम फसला की त्याचे खापर ठरलेल्या डोक्यावर फुटते. आजच्या मुलांना गोडी नाही, त्यांची मान मोबाईलमधून वर येत नाही, असे म्हणून प्राध्यापक मोकळे होतात. घरी आपण पालकही त्याला दुजोरा देतो. हा निवाडा मला मान्य नाही. मुले येत नाहीत याचे पहिले कारण हे की, त्यांना कोणी बोलावलेलेच नसते. जाहिरात होते, बोलावणे होत नाही. या दोहोंतील अंतर आपण विसरलो आहोत. आणि आपण ख्रिस्ती लोकांनी ते विसरावे, ही अधिक खेदाची गोष्ट आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावासारखे ठिकाण डोळ्यांपुढे आणा. वणीच्या कोळसापट्ट्याजवळचे हे तालुक्याचे गाव; भोवती कापसाचे शिवार, गोंडांच्या वस्त्या, कोलामांचे पोड. अशा ठिकाणी बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलामुलींचा दिवस एस. टी.च्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. सवलतीच्या पासावर सकाळी यायचे आणि ठरलेली गाडी पकडून परतायचे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी त्यांच्या हातांची गरज असते. अशा विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रमाची प्रसिद्धी आपल्याकडे कशी होते? हे चित्र कोणा एका महाविद्यालयाचे नाही, तालुक्यातालुक्यांतून दिसणारे आहे. प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागतो. वर संस्थाचालकांची छायाचित्रे, मध्ये प्रमुख पाहुण्यांचे, खाली स्वागतोत्सुकांची नामावळी. विषय आणि वेळ कुठे तरी कोपऱ्यात. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून दुपारचा कार्यक्रम सायंकाळकडे सरकतो. गाडीची वेळ झाली की मागच्या रांगा उठतात आणि मग मुलांना शिस्त नसल्याची ओरड होते. मी विचारतो, शिस्त नेमकी कोणाला नव्हती?

तो फलक विद्यार्थ्यांसाठी नसतोच. ज्यांची छायाचित्रे त्यावर आहेत, त्यांनी तो पाहावा म्हणून तो लावलेला असतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९७९ साली ‘मल्हार’ हा महोत्सव सुरू झाला. त्याची रोषणाई पाहून आपल्याला वाटते की, प्रसिद्धी म्हणजे रोषणाई. परंतु असा महोत्सव उभा राहतो तो विद्यार्थ्यांच्या अंगमेहनतीवर. आपण रोषणाई घेतली, मेहनत विद्यार्थ्यांच्या हातून काढून घेतली.

ती कशी काढून घेतली गेली, याला इतिहास आहे. १९८९ साली विद्यार्थी निवडणुकांच्या धामधुमीत मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातील थेट निवडणुका बंद झाल्या आणि विद्यार्थी परिषदा गुणांच्या आधारे नेमल्या जाऊ लागल्या. रक्त सांडल्यावर सरकारने उपाय करावा, हे योग्यच. पण त्या उपायाने एक चांगली सवयही गेली. वर्गावर्गांत जाऊन, अनोळखी मुलासमोर उभे राहून, ‘तुझे म्हणणे काय?’ असे विचारण्याची सवय. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आली. २०१९ साली जाहीर झालेले वेळापत्रक मात्र पुढे ढकलले गेले. दरम्यान २००६ साली लिंगडोह समितीने देशभरातील विद्यार्थी निवडणुकांसाठी एक साधा नियम सांगितला होता: छापील भित्तिपत्रके नकोत, हाताने केलेली चालतील. पैशाला आवर घालण्यासाठी केलेल्या या नियमात मला मोठे शहाणपण दिसते. हाताने लिहिलेल्या कागदामागे कोणी तरी तासभर बसलेले असते, आणि वाचणाऱ्याला ते कळते.

अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सहशालेय उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले. उपक्रमाला अभ्यासक्रमात मान मिळाला, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्याच श्रेयांकांचा धाक दाखवून सभागृह भरणे, ही निमंत्रणाची थट्टा आहे. सक्तीने भरलेल्या सभागृहात देह असतात, मन नसते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि गावात सात दिवसांचे शिबिर, ही तिची रीत. त्या शिबिरात मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एकत्र राबतात. त्या सात दिवसांत जुळलेली मैत्री पुढच्या वर्षी दहा जणांना ओढून आणते. ही प्रसिद्धी कोणत्याही छापखान्यात मिळत नाही.

आणि दूर कशाला जायचे? या भागातील विद्यापीठाला २००५ पासून ज्यांचे नाव आहे, ते संत गाडगेबाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. लोक जमत, कारण हा माणूस आधी आपल्या दारात राबला आहे, हे त्यांनी पाहिलेले असे. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठातील विद्यार्थी मंडळांनी फ्लेक्सवर विसंबावे, हा विरोधाभास आपल्याला बोचत नाही का?

आता आपल्या घराकडे वळू. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. यवतमाळ जिल्हा त्यात येतो. या विस्तीर्ण प्रदेशात कॅथॉलिक कुटुंबे विखुरलेली आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयात आपला मुलगा किंवा मुलगी शेकडोंमध्ये एखादीच. तिला आपण काय शिकवतो? धर्मग्रामातील युवक मंडळ आपले आणि महाविद्यालयातील मंडळ परक्यांचे. मिस्सानंतरच्या सूचनांत आपल्या मेळाव्याची घोषणा झाली की आपली प्रसिद्धी संपली. महाविद्यालयातून उशीर झाला तर आपण रागावतो, मंडळाच्या मेळाव्याहून उशीर झाला तर नाही. अशाने आपण मुलांचे रक्षण करीत नाही, त्यांना एकटे पाडतो.

ख्रिस्तसभेची शिकवण याच्या उलट आहे. प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या आदेशपत्रात, तरुणांमध्ये पहिले प्रेषित तरुणांनीच व्हावे, असा आशय आहे. १९२४ साली जेझुइट धर्मगुरू फादर कार्टी यांनी अखिल भारतीय कॅथॉलिक विद्यापीठ संघाचा पाया घातला, तो विद्यार्थ्यांनी समाजात उतरावे म्हणून. स्वतःभोवती कुंपण घालावे म्हणून नव्हे. काही पालक म्हणतील, ‘दिवस संशयाचे आहेत. आपल्या मुलांनी चार जणांना कार्यक्रमाला बोलावले, तर धर्मांतराचा आरोप होईल.’ ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण संशयावर लपणे हा उपाय नव्हे. विषय, वेळ, जागा आणि बोलावणाऱ्याचे नाव महाविद्यालयाच्या फळ्यावर खडूने स्वच्छ लिहिलेले असावे; प्राचार्यांची परवानगी असावी; दार सर्वांना उघडे असावे. आपण जे बोललो ते उघडपणे बोललो, असे प्रभू येशू प्रमुख याजकासमोर सांगू शकला. आपल्यालाही तसे सांगता आले पाहिजे.

लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. यजमानाने गावच्या चव्हाट्यावर फलक लावला नाही, सेवकाला पाठवले. मानाच्या पाहुण्यांनी सबबी सांगितल्या, तेव्हा तो गल्लीबोळांत आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर गेला. आपल्या खेड्यांत यालाच आवतण म्हणतात. पत्रिका नुसती हाती पडली तर मानी माणूस जात नाही. घरी येऊन कोणी ‘या’ म्हटले तर कामे टाकून जातो. पोडावरच्या कोलाम मुलालाही तोच मान हवा आहे. त्याला प्रेक्षकांत बसवण्याआधी कार्यक्रम ठरवणाऱ्यांत बसवा. मग त्याच्या पोडावर निरोप पोहोचवण्यासाठी फलकाची गरज उरणार नाही.

म्हणून विद्यार्थी मंडळांना माझे सांगणे: आधी एस. टी.चे वेळापत्रक पाहा, मग कार्यक्रमाची वेळ ठरवा. पाहुणे नसले तरी वेळेवर सुरू करा. फ्लेक्सचे पैसे चहापाण्याला लावा. प्रत्येक वर्गात दोघांनी जाऊन तोंडी सांगा. धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना विनंती: धर्मग्रामाच्या सूचनांत महाविद्यालयातील चांगल्या उपक्रमालाही जागा द्या. आणि पालकांनो, मुलगी उशिरा घरी आली तर ‘उशीर का?’ एवढेच विचारू नका. ‘आज कोणाला बोलावलेस?’ हेही विचारा.